बॉबिन गल्लीतला एकविसावा दिवस

ऐक. मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक. हे सांगताना माझं डोकं आधीच फिरतं, त्यात तू मध्ये तोडलंस तर संपलंच.

नांदगिरीतली बॉबिन गल्ली. पॉवरलूमचं गाव, दिवसभर सगळीकडे खटखट. गल्लीला दोन्ही बाजूंनी घरं, घरांपुढे ओटे, ओट्यांना लागून गटार, गटारावर शहाबादी फरश्या, आणि मधे रस्ता. चारशे फूट लांब, बस. पण हायवेवरून औद्योगिक वसाहतीत जायला तोच सगळ्यात जवळचा रस्ता, त्यामुळे ट्रक तिथूनच जायचे. आताचे ट्रक, बिनचालकाचे. कंपनी म्हणायची, आमचा ट्रक माणसाला धडकतच नाही, समोर माणूस दिसला की जागेवर थांबतो. खरं होतं ते. थांबायचा. पण समोर दिसला तर ना! वळताना मागचा चाळीस फुटी डबा कडेला घासत यायचा, आणि मागच्या डब्याला डोळे नव्हते. म्हणून बॉबिन गल्लीत माणसं रस्त्याच्या मधे मरायची नाहीत. कडेला मरायची. फरशीवर चालताना. आठ वर्षांत तीन.

त्यातली एक पद्मजाची आई. सुलोचना गुंडेटी.

त्याच डब्याखाली पद्मजाच्या वडिलांचा पाय गेला. गेला म्हणजे आहे, पण नुसता लोंबतो. अंबादास गुंडेटी, सगळी गल्ली त्यांना नाना म्हणते. चादरींच्या नक्षीचे कारागीर. आलेखाच्या कागदावर एकेक चौकट भरून मोर काढायचे, असा की मोर चादरीवरून उतरून दाणे टिपेल. पुढे ते काम कॉम्प्युटरनं घेतलं, आणि उरलेलं त्या ट्रकनं. सहा वर्षं नाना ओट्याखाली उतरले नाहीत. वॉकर होता घरात, त्याच्यावर टॉवेल वाळत घालायचे.

आणि मग चटई आली.

सरकारी कागदात तिचं नाव 'पदपट'. गल्लीनं पहिल्याच दिवशी तिला चटई म्हटलं. बोटाच्या पेरापेक्षा पातळ, राखाडी पट्टा, डांबरावर एका सकाळीत अंथरून झाला. या कडेच्या फरशीपासून त्या कडेच्या फरशीपर्यंत, अख्खा रस्ता. बटण दाबलं आणि चटईवर आपोआप रंग उमटले, मधे चालणाऱ्यांसाठी हिरवा, बाजूनं सायकलींसाठी निळा. गल्लीच्या दोन्ही तोंडांना गुडघाभर उंचीचे मऊ कठडे फुगून वर आले. अँब्युलन्स आली की कठडे बसणार, गेली की परत उठणार. ट्रकांच्या नकाशात गल्ली पुसली गेली. एका सकाळीत! आठ वर्षं मोर्चे काढून जे झालं नाही ते.

पण एकवीस दिवसांसाठी. प्रयोग होता तो. लोक खरंच चालतात का, सायकली काढतात का, हे चटई स्वतःच मोजणार. तिला माणसाची चाल ओळखता येते, पावलाचा दाब, लय, सगळं. त्यामुळे एक माणूस दिवसातून एकदाच मोजला जातो, तोही या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला तरच. दुसऱ्या कुठल्या तरी गावात म्हणे ठेकेदारानं दहा माणसं लावून दिवसभर येरझाऱ्या घालायला लावल्या होत्या, तेव्हापासून हा नियम. आणि निकालही चटईच देणार. कुणा साहेबाची सही नाही, कुणाचा वशिला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या यावर. पद्मजानंही.

पद्मजा तेवीस वर्षांची. तिला त्या प्रयोगात 'पथमित्र' म्हणून घेतलं होतं. निळं जाकीट, शिट्टी, आणि चटईचे आकडे दाखवणारं एक हातयंत्र.

चौथ्या दिवशी ती गल्लीच्या टोकाला सायकलवाल्यांना निळी पट्टी दाखवत होती, आणि मागे बघते तर काय? नाना. वॉकर घेऊन. रस्त्याच्या मधोमध, हिरव्यावर. एक पाऊल, वॉकर, एक पाऊल, वॉकर. ती धावली तर हातानं म्हणाले, लांब राहा. शब्बीरभाईची चहाची टपरी गल्लीच्या मध्यावर, तिथपर्यंत बावीस मिनिटं लागली. सगळी गल्ली ओट्यावर येऊन बघत होती. नाना टेकले, चहा घेतला, आणि सहा वर्षांनी बाहेर येऊन पहिलं वाक्य काय बोलले?

"शब्बीर, पाणी घालतोस तू चहात."

शब्बीरभाई रडत रडत म्हणाले, "सहा वर्षं घालतोय नाना, सांगायला कोण आलंच नाही की ओ."

त्यानंतर रोज. एकही दिवस चुकला नाही. विसाव्या दिवशी नाना एका दमात गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आले. पद्मजानं आकडा बघितला तर चटईनं त्यांना पूर्ण माणूस म्हणून मोजलं होतं. तिला दुसरं काही नको होतं गं जगात. ही चटई राहिली पाहिजे, एवढंच.

आता इथून माझा संताप सुरू होतो.

विसाव्या दिवशी संध्याकाळी प्रयोगाचे अधिकारी कुलथे साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, कायम फोन कानाला. म्हणाले, "पद्मजा, उद्या चारला समिती येतेय. पाचला निकाल. गल्ली जरा नटवा. फोटो चांगले आले पाहिजेत."

"सर, उद्या आणखी काही करायचं असतं का? आकड्यांचं वगैरे?"

"आकडे झाले गं सगळे. वीस दिवस भरपूर चाललेत तुम्ही लोक. उद्याचा दिवस म्हणजे नुसता समारंभ."

नुसता समारंभ! हे त्याचे शब्द. लक्षात ठेव.

झालं, गल्लीला तेवढंच पाहिजे होतं. सकाळी सहाला नाना स्वतः चटईवर उतरले. म्हणाले, रांगोळी मी घालणार. दोघांनी धरून त्यांना खाली बसवलं, आणि त्या माणसाच्या बोटांतून जी नक्षी सुटली! आधी किनार, चादरीची असते तशी, अख्ख्या चारशे फुटांची. मग मोर, मग सायकली, चाकांत फुलं. बायका मागून रंग भरत आल्या. नाना बसल्या बसल्या सरकत सरकत पुढे. आणि गल्लीच्या बरोबर मधे त्यांनी तीन चेहरे काढले. कडेपासून कडेपर्यंत, एकेक बारा फुटी. शाळेचे घोडके मास्तर. येमूल आक्काचा विनायक, एकोणीस वर्षांचा, गेला तेव्हा हातात सायकलच होती त्याच्या. आणि सुलोचना.

आक्का आली, बघितलं, आणि तिथंच ओट्यावर बसली. दिवसभर उठली नाही.

मग काय, पाय कोण ठेवणार त्यावर? तूच सांग. पोरांना ओरडा बसला, "ए, रांगोळीला पाय लावशील तर बघ!" सायकलवाले सायकली खांद्यावर घेऊन मागच्या बोळातून गेले. म्हाताऱ्या फरशीवरून भिंत धरून गेल्या. आणि टोकाला शिट्टी वाजवून सगळ्यांना "कडेनं, कडेनं जा!" म्हणून कोण वळवत होतं? पद्मजा. आपली पद्मजा. दिवसभर. फरश्या चटईच्या बाहेर आहेत, हे तिला माहीत होतं. हातयंत्र खिशात होतं. तिनं एकदाही काढून बघितलं नाही, कारण आकडे झाले होते ना सगळे!

चारला समिती आली. पाच जण. पॅन्ट वर धरून, एका मागोमाग एक, फरश्यांवरून. "वा! काय लोकसहभाग आहे!" म्हणत. फोटो काढले. नाना सुलोचनेच्या चेहऱ्याजवळ बसलेले, हात कोपरापर्यंत रंगलेले, त्यांचाही काढला.

चार वीसला पद्मजाला गल्लीच्या तोंडाशी घुंई असा आवाज आला. बघते तर ट्रक. एक, दोन, सात. कठड्याच्या पलीकडे ओळीनं उभे. बिनचालकाचे, दिवे लावून, शांत.

ती कुलथे साहेबांकडे पळाली. "सर, हे इथं कशाला आलेत?"

"येतील गं चुकून."

"हे चुकून येत नाहीत सर! नकाशानं सांगितल्याशिवाय हे हलत नाहीत!"

तेव्हा तिनं हातयंत्र काढलं. त्यावर लिहिलं होतं: 'आज चाललेली माणसं: नऊ. स्थिर अडथळा: एक. कल: घट. पाच वाजता गल्ली वाहतुकीस खुली होण्याची शक्यता: नव्व्याण्णव टक्के.' ट्रकांना ते आधीच कळलं होतं. माणसांना कळायच्या आधी. आणि तो स्थिर अडथळा कोण, कळलं ना? सकाळी सहापासून चटईवर बसलेले नाना.

तिनं ते साहेबांच्या तोंडापुढे धरलं. साहेबांनी फोन कानाचा काढला. पहिल्यांदाच. मग स्वतःच्या यंत्रावर नियम उघडला आणि वाचला, ओठ हलवत, शाळेतल्या पोरासारखा. लोक नवलाईनं पहिल्या दिवशी चालतात आणि मग सोडून देतात. म्हणून एकविसाव्या दिवसाचा आकडा पहिल्या दिवसापेक्षा जास्त असला पाहिजे. नाहीतर लोकांना बदल नको आहे असं समजायचं. पहिल्या दिवसाचा आकडा दोनशे बारा.

"तुम्ही म्हणालात नुसता समारंभ!"

"मला वाटलं सरासरी धरतात."

"वाटलं? तुम्ही वाचलं नव्हतं?"

"पद्मजा, आवाज खाली. समिती आहे."

"समिती स्वतः कडेनं आली! तुम्ही कडेनं आलात! बूट खराब होतील म्हणून नाही, रांगोळी मोडेल म्हणून! मग आम्हाला चालायला आवडत नाही असं ही चटई कसं म्हणते? एक दिवस पुढे ढकला."

"माझ्या हातात नाही. कुणाच्याच हातात नाही. हीच तर योजनेची खुबी आहे." असं म्हणाला तो. खुबी!

पस्तीस मिनिटं उरली होती. आणखी दोनशे चार माणसं हवी होती. आणि गंमत बघ, माणसं होती. चारची पाळी सुटलेली, समिती बघायला सगळे ओट्यांवर, तीनशे-साडेतीनशे तरी असतील. पद्मजा शब्बीरभाईच्या बाकड्यावर चढली आणि बेंबीच्या देठापासून ओरडून सगळं सांगितलं. पाचच्या आत चालायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. रांगोळीवरून. नाहीतर पाचला ट्रक.

कुणी हललं नाही.

तुला वाटेल, चेहरे चुकवून जायचं. कुठून? कडेपासून कडेपर्यंत चेहरेच. फरशीवर पाय गेला की चटई ते चालणं धरत नाही. कुणी म्हणालं, पाण्यानं धुऊन काढू, पाण्यानं पाप लागत नाही. नळाला तिथं दर चौथ्या दिवशी पाणी, पण लोकांनी पिण्याच्या कळशा बाहेर आणल्या! पद्मजाच ओरडली, नको, ओली झाली की चटई तासभर मोजतच नाही, कुणी घसरू नये म्हणून. तिच्यात सगळी काळजी भरलेली आहे, बघ. फक्त अक्कल तेवढी नाही.

तेव्हा कुलथे साहेब म्हणाले, "मग झाडू मारून घ्या ना तेवढ्या तीन चेहऱ्यांवर. दोन मिनिटांचं काम."

येमूल आक्का ओट्यावरून उठली, दिवसभरात पहिल्यांदा. खुराड्यामागचा खराटा घेतला आणि साहेबांच्या हातात दिला.

"घे. तू मार. माझ्या पोराच्या तोंडावर तू मार झाडू. मी बघते."

साहेबांच्या हातात खराटा, आणि ते इकडेतिकडे बघताहेत, कुणी घेईल का म्हणून. शेवटी भिंतीला टेकवून ठेवला.

चार पस्तीस. पद्मजा फरशीवरून नानांपाशी गेली, खाली बसली.

"नाना, ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"काय करू?"

नाना सुलोचनेच्या कपाळावरचं कुंकू बोटानं नीट करत होते. तशा वेळीसुद्धा. म्हणाले, "जन्मभर कडेनं चालली गं ती. कडेनं चालून चालूनच मेली. म्हटलं, एकदा तरी तिला रस्त्याच्या मधे बघू दे."

"नाना, ट्रक आले तर तुम्ही परत ओट्यावर. कायमचे. मला नाही बघवणार."

"मग तू ठरव." बोटांवरची रांगोळी झटकत म्हणाले, "मला आत नेऊन ठेव आधी. आणि दार लाव."

पद्मजानं आणि शब्बीरभाईंनी त्यांना खुर्चीत घालून उचललं. आत ठेवलं. तिनं दार लावलं. चार बेचाळीस.

गल्लीच्या टोकाला जाऊन तिनं चपला काढल्या. निळं जाकीट काढून फेकलं. आणि चालायला लागली. किनार, मोर, सायकली. घोडके मास्तर. विनायक. आक्का तिला शिव्या देत होती, अशा शिव्या की तू ऐकल्या नसतील, आणि त्या सगळ्या तिला बरोबरच वाटत होत्या. मग आई. रांगोळी पायाखाली गार लागते, माहितीये? पिठासारखी मऊ. तिनं डोळे मिटले नाहीत. आपण डोळे मिटले तर मागचे लोकही मिटतील आणि धडपडतील, एवढंच तिच्या डोक्यात होतं. त्या टोकाला पोचली. यंत्रावर आकडा आला. दहा.

तिच्यामागून शब्बीरभाई निघाले. सुलोचनेपाशी थांबले, "भाभी, माफ करा," म्हणाले, आणि गेले. अकरा. मग लूमवाले. मग बायका. परगल्लीचे, ज्यांचं तिथं कुणीच गेलं नव्हतं, तेसुद्धा पाय उचलताना चाचरत होते. आणि आता ऐक, आपली माणसं कशी असतात. प्रत्येक जण चेहऱ्यापाशी आला की वाकायचा. पाय लागणार म्हणून आधीच हात लावून कपाळाला न्यायचा. चेहरे तीन, म्हणजे तीनदा. मागे ही रांग तुंबली! चार पन्नासला आकडा अठ्ठ्याऐंशी.

पद्मजा रांगेच्या बाजूनं पळत किंचाळत होती, "नमस्कार नंतर करा! वाकू नका! चाला! अहो काकू, चाला ना!" स्वतःच्या आईवरून लोकांना ढकलत होती ती. अक्षरशः पाठीत हात घालून. एका म्हातारीला तर तिनं दंड धरून ओढलं. ट्रक तिकडे दिवे लावून उभेच. समिती ओट्यावरून व्हिडिओ काढत होती.

पाचला आकडा होता दोनशे सव्वीस.

कठडे उभेच राहिले. ट्रक एकेक करून मागे सरकले, वळले, गेले. एकसुद्धा टाळी पडली नाही. चटईवर आता चेहरे नव्हते, नुसता सगळ्या रंगांचा मिळून एक मातकट रंग, आणि प्रत्येकाच्या तळव्याला तोच. हातयंत्रावर मजकूर आला: 'अभिनंदन. नागरिकांनी बदल मनापासून स्वीकारला आहे.'

मनापासून!

चटई आता कायमची आहे. कुलथे साहेबांना कसलंसं मानचिन्ह मिळालं, त्यांच्या अहवालाच्या पहिल्या पानावर रांगोळीचा फोटो आहे. मोडायच्या आधीचा. गल्लीत पोरं सायकल शिकतात, लांबून लांबून लोक बघायला येतात, एकही ट्रक नाही. सगळं अगदी हवं होतं तसं. फक्त येमूल आक्का पद्मजाला बघून दार लावते.

आणि नाना ओट्यावर बसतात. पद्मजाशी बोलतात, जेवतात, हसतातसुद्धा. पण वॉकर परत आत गेलाय. पद्मजानं परवा विचारलं, "नाना, चला ना, रस्ता मोकळा आहे." तर म्हणाले, "चांगला आहे गं रस्ता. माझाच पाय उचलत नाही त्याच्यावर."

ज्यांच्यासाठी केलं, ते! मला कुणाचा राग येतो तेच कळत नाही. त्या न वाचणाऱ्या साहेबाचा, त्या मोजणाऱ्या चटईचा, त्या वाकणाऱ्या माणसांचा, का पद्मजाचा. ती मला म्हणाली, परत तीच वेळ आली तर काय करीन, खरंच माहीत नाही. मीही रोज विचार करतो आणि रोज वेगळं उत्तर येतं.

तू सांग. लगेच नको, विचार करून सांग. चार बेचाळीस झालेत, दाराआड बाप बसलाय, समोर आईचा चेहरा आहे, आणि पलीकडे ट्रक. चपला काढल्या असत्यास तू? काय केलं असतंस?